चौदा रब्बींची कमूनामावशी

कुणी "रब्बी, एक विचारायचं होतं" म्हणायचा अवकाश, त्याचं विचारून संपायच्या आत माझं सांगून झालेलं असायचं. इस्रायलमधल्या बात याम शहराच्या त्याच एका गल्लीत, त्याच एका सिनेगॉगमध्ये मी तीस वर्षं हेच करत आलो होतो. आमच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि मटणाच्या पातेल्यात चुकून दुधाचा चमचा बुडाला, आता काय करू? सासऱ्यांच्या पुण्यतिथीची मेणबत्ती कधी लावू? प्रश्न आला की उत्तर तयार. लोक खूश, मीही खूश. त्यामुळे नगरपालिकेचं पत्र आलं, की वस्तीतल्या रब्बींनी दर मंगळवारी सकाळी येऊन दुःखी माणसाचं ऐकून कसं घ्यायचं ते शिकावं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मला ऐकायला शिकवणार? मला?" मी बायकोला म्हणालो.

"काय लिहिलंय पत्रात?" त्सिपोराने विचारलं.

"सांगतोय ना मी!"

"सांगत नाही, ओरडताय. गुपचूप जा. आणि पास होऊन या, नाहीतर मला खाली बाजारात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

खरं सांगायचं तर नगरपालिकेचं चुकलं नव्हतं. मन बिघडलेला माणूस आमच्याकडे डॉक्टरच्या आधी रब्बीकडे येतो. बाळंतीण दिवसभर रडते, म्हातारा जेवत नाही, सैन्यातून परतलेला पोरगा खोलीबाहेर निघत नाही, की घरच्यांनी गाठलंच आम्हाला. आणि आम्ही काय करायचो? शास्त्रातली एक ओळ ऐकवायची, पाठीवर हात ठेवायचा आणि 'सगळं ठीक होईल' म्हणून वाटेला लावायचं. ते ठीक व्हायचं की नाही, ते कुणी परत येऊन सांगत नसे.

नगरपालिकेच्या सभागृहात वर्ग भरायचा, वर्गात आम्ही चौदा रब्बी. शिकवणाऱ्या बाई डॉक्टर नोगा, मनाच्या डॉक्टर. अंगाने चिमूटभर, पण आवाज असा की चौदा दाढ्या एकदम गप्प व्हायच्या. पण आम्हाला खरं शिकवलं ते त्यांनी नाही. शिकवलं स्वयंपाकघरातल्या कमूनामावशीने.

कमूना दाबुश. लिबियातल्या त्रिपोलीची. सहा वर्षांची असताना आईच्या फडक्यात बांधलेल्या दोन पातेल्यांसह बोटीतून उतरली. त्यातलं एक पातेलं अजून वापरते असं सांगायची. लग्न खमूसशी झालं. खमूस रंगारी, अर्ध्या बात यामच्या भिंती त्याने रंगवल्या. तीन मुलं वाढवली, एका शाळेत एकवीस वर्षं पोरांसाठी स्वयंपाक केला आणि मग या सभागृहात चहापाण्याला आली. बोलणं तिखट, तिच्या रश्श्यातल्या माशासारखं. आणि एक सवय. आमच्यात देवभीरू माणसं काही कबूल करताना 'वचन नाही हं' असं जोडतात, कारण तोंडातून गेलेला शब्द पाळला नाही तर पाप. पण मावशी ते श्वासागणिक जोडायची. "उद्या भरल्या बटाट्यांचा माफ्रूम करते, वचन नाही हं." "दोन मिनिटांत चहा आणते, वचन नाही हं." आम्ही चिडवायचो, "मावशी, श्वास घेताय ना?" "घेतेय," ती म्हणायची, "पण वचन नाही हं."

ती शिकवायला कशी लागली ते ऐका. सुरुवातीला डॉक्टर नोगा नाटकशाळेतल्या मुली आणायच्या. त्या दुःखी बाई व्हायच्या, आणि आम्ही एकेकाने समोर बसून त्यांचं ऐकायचं. त्या इतकं सुंदर रडायच्या की आमच्यातला एक जण त्यांचं लग्न जुळवायलाच निघाला. एका मंगळवारी मुलगी आलीच नाही. मावशी कोथिंबिरीची जुडी घेऊन दाराशी उभी होती. बाई म्हणाल्या, "कमूना, तुम्ही बसता का पाच मिनिटं?"

"मला काय येतं?"

"काही यायला नको. ज्या बाईचा मुलगा आपला पवित्र शनिवार पाळायचा सोडून गेलाय, ती बाई व्हा."

मावशी बसली. समोर एक मोठे विद्वान रब्बी होते. त्यांनी सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला मावशीने मांडीवर जुडी घेतली आणि निवडायला लागली. रब्बी बोलताहेत, मावशी निवडतेय. जुडी संपली तशी उठली. "छान बोललात रब्बी. कोथिंबीर स्वच्छ झाली. आता मासा टाकते."

"अहो, पण मी तुमच्या मुलाबद्दल बोलत होतो!"

"तुम्ही तुमच्या पुस्तकाबद्दल बोलत होतात. माझ्या पोराचं नावसुद्धा विचारलं नाहीत."

डॉक्टर नोगांनी त्याच दिवशी नाटकशाळेला फोन करून मुली नको म्हणून कळवलं.

तेव्हापासून परीक्षक म्हणजे मावशीचे हात. समोरचा रब्बी खरंच ऐकत असेल तर हात थांबायचे, उपदेश सुरू झाला की काड्या मोडायला लागायचे. माझ्या पहिल्या पाळीला तिच्या अडीच जुड्या निवडून झाल्या. तो आकडा अजून कुणी मोडलेला नाही. पण नुसती गंमतच होती असं नव्हे. एकदा ती तीन महिने नीट न झोपलेला माणूस झाली होती आणि समोर बसलेला तरुण रब्बी इकडचं तिकडचं बोलत होता. मावशी मध्येच म्हणाली, "रब्बी, घाबरू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्याने कुणी मरत नाही. आणि तो हो म्हणाला, तर हात धरून डॉक्टरकडे न्या, तिथे शास्त्रातल्या ओळी ऐकवत बसू नका." त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी डॉक्टरचा नंबर खिशातल्या वहीत लिहून घेतला. पुढच्या वर्षी तो मला दोनदा लागला, आणि ती दोन्ही माणसं आज हिंडताहेत-फिरताहेत.

आता ज्या मंगळवारची गोष्ट सांगायची आहे, त्याच्या आधीचं थोडं सांगतो. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

खमूसला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मावशी एकोणसत्तरची. तिच्या घराच्या खिडकीच्या गुंडाळत्या झडपेची ओढायची पट्टी अडकली म्हणून शेजारच्या याफोहून बुको नावाचा दुरुस्तीवाला आला. बल्गेरियाकडचा, विधुर, हसरा, अकॉर्डियन वाजवणारा. पट्टी दुरुस्त झाली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, 'सहज बघून जातो' म्हणाला. मग पुन्हा. चौथ्यांदा मावशीने कमरेवर हात ठेवले. "काय झालंय तरी काय हो त्या पट्टीला?"

"पट्टीला काही झालेलं नाही," बुको म्हणाला, "मलाच झालंय."

"मग डॉक्टरकडे जा."

"जाऊन आलो. तो म्हणाला, एकट्याने जेवत जाऊ नका."

मावशी हसली, त्याला जेवायला वाढलं, पण स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. जेवणाच्या टेबलाशी नाही. कारण टेबलाच्या डोक्याशी खमूसची खुर्ची होती, आणि खमूस गेला त्याच्या दोन दिवस आधी तिने त्याला शब्द दिला होता, की या खुर्चीवर दुसरा पुरुष कधी बसणार नाही. जन्मात पहिल्यांदा तिने 'वचन नाही हं' असं मुद्दाम जोडलं नव्हतं.

बुकोने वर्षभर वाट पाहिली. मग लांब हैफात राहणाऱ्या त्याच्या मुलीने त्याला कायमचं बोलावून घेतलं. रविवारी सामानाची गाडी येणार होती. "तू 'थांब' म्हणालीस तर गाडी परत पाठवतो," तो म्हणाला, "नाही म्हणालीस तर रागावणार नाही. पण काहीतरी म्हण."

वचन सोडवता येतं हे मावशीला माहीत नव्हतं असं नाही. पण त्यासाठी रब्बीला विचारावं लागतं. आणि आमच्यात एकदा एका रब्बीने 'नाही' सांगितलं, की दुसऱ्याकडे जाऊन 'हो' मिळवता येत नाही. विचारलं की अडकलं. म्हणून सहा महिने ती चौदा रब्बींना चहा देत होती आणि एकालाही विचारत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मंगळवार उजाडला. मावशी येऊन खुर्चीत बसली. बाईंनी विचारलं, "आज कोण?"

"आज एक विधवा," मावशी म्हणाली.

पाळी माझी. माझ्या लक्षात यायला हवं होतं की आज तिच्या मांडीवर काहीच नाही. पण मी मनात म्हणत होतो, कोथिंबीर नाही, सुटलो.

"एका बाईने मरणाऱ्या नवऱ्याला वचन दिलं," ती सांगायला लागली, "की तुझ्या खुर्चीवर दुसरा कुणी बसणार नाही. आता एक जण बसू म्हणतोय. चांगला माणूस आहे. तिलाही..." ती थांबली.

ती थांबली, म्हणून मी सुरू झालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. "सोपं आहे! तीन माणसं बसवायची, तिने त्यांच्यासमोर वचन सांगायचं, त्यांनी ते सोडवायचं. दहा मिनिटांचं काम. इथे तर चौदा आहोत, चार विधवांची सोय होईल!" सगळे हसले. मी आणखी फुललो. "फक्त एक अट. आपण ते वचन दिलं याचा तिला मनापासून पश्चात्ताप हवा. दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिने म्हणायला हवं."

"असं कसं म्हणेल ती?" मावशी हळू म्हणाली. "ते ऐकून तो शांत झोपला हो. इतके दिवस तळमळत होता. त्याच्या झोपेचा पश्चात्ताप करायचा?"

"मग नाही सुटत," मी म्हणालो. "पश्चात्ताप नाही तर सुटका नाही. बांधलेली आहे ती."

हे मी कसं म्हणालो माहीत आहे? हिशेब बरोबर आला की पोरगा पाटी दाखवतो तसं. मावशी उठली. "ठीक आहे, रब्बी अझर्या," म्हणाली. "चहा बघते." आणि गेली. चेहरा पांढरा पडला होता, आणि 'वचन नाही हं' म्हणाली नाही.

मग रब्बी गेदल्या बोलले. हे आमच्यात सगळ्यात मठ्ठ समजले जायचे. प्रश्न विचारला की पाच मिनिटं छताकडे बघायचे. ते म्हणाले, "ती विधवा कमूनाबाईच आहे."

मी ताडकन उभा राहिलो.

आणि मग काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तेरा रब्बींनी त्या बाईमागे जायचं सोडून वाद सुरू केला, की अझर्याने दिलेला निकाल लागू होतो की नाही! "खेळात विचारलेला प्रश्न म्हणजे प्रश्नच नव्हे!" "पण मनातून खरा होता!" "अझर्याला कुठे माहीत होतं? न कळता दिलेला निकाल म्हणजे निकाल नाही!" "विचारणारीला माहीत होतं ना!" एक जण तर पुस्तक आणायला धावला. आणि सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं? मीच. माझाच निकाल रद्द करा म्हणून.

"मी भिंतीपलीकडेच आहे!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "बहिरी नाही झालेय अजून!"

डॉक्टर नोगांनी टेबलावर थाप मारली. "सहा महिने," त्या म्हणाल्या, "सहा महिने मी तुम्हाला काय शिकवतेय?"

आम्ही माना खाली घातल्या. वर पाहिलं तेव्हा गेदल्यांची खुर्ची रिकामी होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मावशी ओट्याकडे तोंड करून उभी होती. गेदल्या भाजीच्या पालथ्या खोक्यावर बसले होते, गप्प. सुतकाच्या घरी आम्ही असंच बसतो. दुःखातलं माणूस बोलेपर्यंत आलेल्याने तोंड उघडायचं नाही, असा आमचा नियमच आहे. हजार वेळा पाळलाय मी तो. वर्गात तो पाळावा हे मात्र चौदातल्या एकालाच सुचलं.

चहाचं पाणी उकळलं, आटलं, मावशीने गॅस बंद केला. मग ती आपणहून बोलायला लागली. बुधवारची दुपार. इस्पितळ. खमूसला श्वास पुरत नव्हता. तिला वाटलं, याला काहीतरी द्यावं, आणि देण्यासारखं काहीच हातात नव्हतं. औषध नाही, हवा नाही. म्हणून शब्द दिला. "त्याने मागितला नव्हता हं," ती म्हणाली. "मीच दिला."

गेदल्या छताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मग? खमूस काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? खमूसच तो. हसला. हसल्यामुळे खोकला आला. मी रागावले, म्हटलं बोलू नका, पाणी प्या. मग झोपला."

"बोलू नका म्हणालात. म्हणजे काहीतरी बोलत होता."

मावशी वळली. हातातलं फडकं तिने ओट्यावर ठेवलं. "थट्टा हो," ती म्हणाली. "नेहमीची. म्हणाला, 'कमूने, असलं काही नको मला. खुर्ची रिकामी ठेवलीस तर तू बोलशील कुणाशी?'"

ती तशीच उभी राहिली. ओठ हलले, पुन्हा तेच शब्द मनात म्हणत असावी. मग पालथ्या हाताने डोळे पुसले. "तो थट्टा नव्हता करत," ती म्हणाली.

मला राहवेना. मी दारातूनच ओरडलो, "म्हणजे त्याच दिवशी! ऐकलं त्याच दिवशी नको म्हणाला!" कारण शास्त्रात ते धडधडीत आहे: बायकोने वचन घेतलं आणि नवऱ्याने ऐकल्या दिवशीच ते मोडलं, म्हणजे रद्द केलं, तर ते मोडलं. या प्रकरणात सगळ्यात पहिला प्रश्न तोच, नवरा काय म्हणाला? शेंबडं पोरही विचारेल. मी विचारला नव्हता. आधी कळस मग पाया.

माझ्या मागे बारा दाढ्या गोळा झाल्या होत्या. "'नको' म्हणणं म्हणजे मोडणं नव्हे! 'मोडलं' असा शब्द हवा!" "अरे, तो रंगारी होता, पंडित होता का?" "पण शब्द तो शब्द!"

"माझ्या नवऱ्याचं बोलणं काय तपासताय?" मावशी कडाडली. रडता रडता कडाडली. "तो असता तर एकेकाच्या हातात कुंचला दिला असता आणि जिने रंगवायला लावले असते!"

गेदल्यांनी हात वर केला. "शंका राहायलाच नको. तीन जण बसू. कमूनाबाई, आता मी विचारतो. ते वचन दिलंत, त्याचं वाईट वाटतं?"

"वाटतं," मावशी म्हणाली. "तो नको म्हणत होता आणि मी त्याला गप्प केलं. बारा वर्षं स्वतःचाच शब्द ऐकत बसले. त्याचा ऐकलाच नाही. वाटतं हो, फार वाटतं."

तीन माणसं बसलो. गेदल्या खोक्यावर, दाराजवळचा तरुण रब्बी पिठाच्या डब्यावर आणि मी स्टुलावर. ज्या स्टुलावर बसायची माझी लायकी नव्हती. डॉक्टर नोगा बाहेर उभ्या होत्या, नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. मी गेदल्यांना म्हणालो, तुम्हीच म्हणा. ते म्हणाले, "बांधलंत तुम्ही. सोडवा तुम्हीच."

शब्द लहानसेच आहेत. तुला मोकळीक आहे, एवढंच. पण तीनदा म्हणावे लागतात, तीनदा झाल्याशिवाय वचन सुटत नाही. मी हे आयुष्यात शेकडो वेळा म्हटलंय, आमच्या नववर्षाच्या आदल्या दिवशी सगळेच वर्षाची वचनं सोडवून घेतात, तेव्हा तर सकाळभर, वर्तमानपत्राकडे बघत बघत.

"तुला मोकळीक आहे," मी म्हणालो. मावशी समोर उभी होती, हात एकमेकांत धरून, शाळेत उभ्या केलेल्या मुलीसारखी. "तुला मोकळीक आहे." चौदा रब्बींत जीभ सगळ्यात सैल माझी, आणि ती हलेना. कुणी मदत केली नाही. सगळे वाट बघत राहिले.

"रब्बी अझर्या," शेवटी मावशीच म्हणाली, हळूच, माझ्या खांद्यावर हात ठेवून, "सावकाश होऊ द्या. पण तिसऱ्यांदा राहिलंय."

मी तिसऱ्यांदा म्हणालो.